बावीस रेषांचा बैल

मोर्शी, १४ जुलै २०२५

ती. ताई,

नमस्कार. साष्टांग घालायला कंबर तयार नाही, तेवढं सांभाळून घे.

फोनच केला असता. पण गेल्या वेळी तू अकोल्याहून ‘काय? काय?’ करत होतीस आणि मी इथून इतका ओरडत होतो, की खालचे घरमालक भांडण सोडवायला वर आले. कानात यंत्र घालणार नाही ही तुझी जिद्द, तर पत्र लिहीन ही माझी.

बातमी अशी, की तुझा भाऊ छापला जाणार आहे.

जूनमध्ये आमचं प्रशिक्षण झालं. विषय : ‘सणांवर आधारित आनंददायी आलेख’. पोरांना रेषीय समीकरणं द्यायची, त्यांनी ती आलेखाच्या कागदावर काढायची, आणि शेवटची रेषा जुळली की सणाचं चित्र तयार. नमुन्याचे कागद कुठल्याशा परदेशी संकेतस्थळावरून उतरवलेले. बर्फाचा माणूस, नाताळचं झाड, भिंतीला टांगलेले मोजे. बाहेर त्रेचाळीस अंश, आत बर्फाचा माणूस! आमच्या शाळेचे संघपाल सर उठून म्हणाले, ‘‘हा कोणत्या गावचा म्हणावा?’’ शिकवणारे म्हणाले, ‘‘भावना लक्षात घ्या.’’ सगळ्यांनी भावना घेतली, चहा घेतला, सही केली आणि बस पकडली.

मी एकट्यानं डोकं चालवलं. दहावीसाठी पोळ्याचा बैल रचला. बावीस समीकरणं, बावीस रेषा, अख्खा बैल. संपूर्ण स्वतःच्या डोक्यातून.

परवा शनिवारी वर्गात दिला. बत्तीस पोरांपैकी एकतीस जणांचा बैल उत्तरसूचीशी तंतोतंत जुळला. वर्ग इतका हसत होता, की ‘आनंददायी’ म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मोनाली होले नावाची एक मुलगी तेवढी चुकली. हुशार आहे, पण स्वतःच्या डोक्यानं चालते. पाठीची सरळ रेषा दिली होती, तिनं मध्येच काहीतरी टेकाड उभं केलं. उत्तरसूचीशी जुळेना, म्हणून शून्य दिलं. नियम म्हणजे नियम, हे तुझंच शिक्षण.

केंद्रप्रमुख भगवंत सरांनी कागद पाहिला आणि पाठीवर थाप मारली. ‘‘वा गावंडे! मातीतला उपक्रम!’’ तालुक्याच्या सगळ्या शाळांना एक पुस्तिका जाणार आहे, ‘सणांचे आलेख’. पहिल्या पानावर आपला बैल, आणि खाली ‘रचना : देवानंद चंद्रभान गावंडे’. पोळ्याच्या आत छापून येईल. बाबांचं नाव आजवर सातबाऱ्याखेरीज कुठे छापलं गेलं नव्हतं, ताई.

समीकरणांचा कागद सोबत आहे. तू पस्तीस वर्षं गणित शिकवलंस, मला शिकवलंस. काढून बघ, आणि एकदा तरी मनापासून शाबासकी दे. पंचेचाळीस वर्षं वाट पाहतोय.

तुझा
देवानंद


अकोला, २० जुलै २०२५

चि. देवानंद,

आशीर्वाद. किती, ते पत्राच्या शेवटी ठरवू.

कागद मिळाला. जेवणाचं टेबल पुसलं, पेन्सिलीला टोक काढलं आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा आलेखाचा कागद पसरला. बावीसही रेषा काढल्या. एकही समीकरण चुकलेलं नाही. बिंदूला बिंदू भिडतो. एवढी शाबासकी आताच बाजूला काढून ठेव, कारण पुढे नाही.

किशोर ऑफिसातून आला, टेबलावर वाकला आणि म्हणाला, ‘‘आई, हरीण मस्त आलंय.’’ म्हटलं, हरीण नाही रे, तुझ्या मामाचा बैल आहे. तो सोफ्यावर बसून पाच मिनिटं हसला. सूनबाई समजूतदार. प्राजक्ता म्हणाली, ‘‘बैलच असंल हो. आजारी असंल.’’

मग मी चष्मा बदलला. शेपूट दोन चौकटींची. मान अशी उंच, जसा झाडाचा पाला खायचा आहे. शिंगांच्या बुडाशी दोन आखूड रेषा, फांदी छाटल्यावर खुंट उरतो तशा. आणि रेषा क्रमांक बावीस! ती तुझ्या बैलाच्या छातीपासून निघते, मागे जाते आणि कागदाच्या काठाशी संपते. तिच्या टोकाला काय आहे? बैलांची बंडी? की बर्फावरून घसरणारी गाडी, आणि तिच्यात बसलेला लाल टोपीचा म्हातारा?

नमुन्याच्या कागदांची यादी तू लिहिलीस. तिच्यातला एक कागद सांगायचा राहिला, असा मला संशय आहे.

वशिंडाबद्दल मी काही बोलत नाही. जे नाहीच त्याबद्दल काय बोलणार?

वर्ग हसत होता म्हणतोस. कशाला हसत होता, ते विचारलंस का? आणि त्या मुलीनं ‘टेकाड’ कुठे उभं केलं? तिचा कागद मला पाठव. शून्य देण्याआधी तिचा एक तरी बिंदू समीकरणात घालून पाहिलास? ‘नियम म्हणजे नियम’ मी शिकवलं, कबूल. पण ‘ताळा करून पाहा’ हे त्याच्याही आधी शिकवलं होतं.

आशीर्वाद तूर्त अर्धे.

दुर्गाताई


मोर्शी, २७ जुलै २०२५

ती. ताई,

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं आणि मी ते संघपाल सरांच्या शेजारी बसून उघडलं. ही चूक पुन्हा होणार नाही.

हो, नाताळच्या हरणाचा कागद होता. त्याची फांद्यांची शिंगं छाटली, आपली लावली. सगळे असंच करतात. आणि वशिंडाचं म्हणशील तर त्याला चित्रकलेत सुलभीकरण म्हणतात.

विचारलंस म्हणून सांगतो, वर्ग कशाला हसत होता. शेवटची रेषा जुळली तसा मागच्या बाकावरून विपुल ओरडला, ‘‘सर, हा तं रोही होय!’’

आमच्या गावात रोही, म्हणजे नीलगाय, काय चीज आहे ते तुला सांगायला नको. हरभऱ्यात घुसतो, तुरीत घुसतो. कुंपण त्याच्या लेखी शोभेची वस्तू. माणसं त्याच्या नावानं बोटं मोडतात. ‘‘सर, पोळ्याले रोहीची पूजा करता का?’’ ‘‘त्याले पुरणपोळी चारा, आमची तूर तरी वाचन!’’ फळा पुसेपर्यंत हे चाललं होतं.

मोनाली हसली नाही. ती उभी राहिली. ‘‘सर, जू ठेवाले जागाच नाई. वशिंड नसन तं जू मांगं सरकन.’’

मी म्हणालो, ‘‘खाली बस. दिलं तेवढं काढ.’’

ती बसली. काढलं मात्र तिचं तिनंच.

त्या दिवसापासून ती गणिताच्या तासाला असते आणि नसते. वही बंद, नजर खिडकीबाहेर. विचारलं तर म्हणते, ‘‘मले गणित येत नाई.’’ गुरुवारी तिचे वडील शाळेत आले. श्रावणभाऊ. थोडी संत्र्याची बाग, थोडी कपाशी, आणि गावात उरलेल्या तीन बैलजोड्यांपैकी एक त्यांची. चपला दाराबाहेर काढून उभे राहिले.

‘‘सर, एकच इचारतो. माही पोरगी बैलात चुकली का गणितात?’’

मी म्हणालो, ‘‘उत्तरसूचीशी जुळत नाही.’’

‘‘बरं,’’ म्हणाले. ‘‘पोरगी म्हणते, अकरावीले गणित घेतच नाई. म्या म्हटलं, सरांले पुसून येतो.’’ चपला घातल्या आणि गेले.

तिचा कागद पाठवतोय. पुस्तिका पुढच्या आठवड्यात छपाईला जाते. आता काहीही बदलणं शक्य नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

देवानंद


अकोला, १ ऑगस्ट २०२५

चि. देवानंद,

आज टेबलाजवळ कोणाला येऊ दिलं नाही.

तुझ्या बैलाची पाठ म्हणजे y = 8, चारपासून चौदापर्यंत. इस्त्रीची फळी. त्या मुलीनं ती दहापाशी तोडली. तिथून y = x − 2 धरून बारापर्यंत चढली. मग y = −2x + 34 धरून तेरापर्यंत उतरली आणि परत तुझ्या आठावर आली. आता ताळा कर. x च्या जागी बारा घाल. पहिल्या समीकरणात y दहा येतो, दुसऱ्यातही दहा. दोन्ही रेषा (12, 10) वर भेटतात, आणि जिथे भेटतात तिथे वशिंडाचं टोक आहे. केसाएवढी फट नाही.

समीकरण दिलं की रेषा काढायची, हे तुझ्या एकतीस पोरांना जमलं. गोठ्यातला बैल डोळ्यांपुढे धरून त्याचं समीकरण शोधायचं, हे उलटं काम आहे आणि कितीतरी अवघड. ते तिला आलं. तुला येतं की नाही ते मला कळायला मार्ग नाही, कारण तू शिंगं छाटलीस.

बाविसावी रेषा तिनं खोडली आहे. बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, ‘ही कशाची? सरांना विचारणे.’ विचारणार होती बिचारी. तू ‘खाली बस’ म्हणालास.

आठवतं का? पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा वाटीत तूप-हळद कालवायचे आणि बैलाचा खांदा चोळायला तुला उचलून धरायचे. पाच वर्षांचा होतास. तू वशिंडाला दोन्ही हातांनी मिठी मारायचास. ‘‘बाबा, हे गरम हाय!’’ दरवर्षी तेच, जसं यंदाच कळलं. त्या हातांनी सपाट पाठ काढलीस?

रागावले होते. मग कोरा कागद घेतला आणि स्वतः वशिंड काढायला गेले. किती चौकटी उंच, कुठून चढायचं, मलाही सांगता येईना. जोडी विकून पंधरा वर्षं झाली आपली. तिचा कागद पुढे ठेवला तेव्हा आठवलं. चंद्रभान गावंड्यांच्या दोन शिकलेल्या लेकरांना त्यांचा बैल एका दहावीतल्या पोरीनं परत दाखवला, आणि आपण तिला शून्य दिलं. ‘आपण’ मुद्दाम लिहिलं. पस्तीस वर्षांत मीही अशी शून्यं दिली असतील. मोजायला बसले नाही, भीती वाटली. माझी आता खोडता येत नाहीत. तुझं एक येतं.

बाबांचं नाव छापून येणार म्हणतोस. कशाखाली?

मागच्या बाजूला मी नऊ समीकरणं लिहिली आहेत. सणाचं चित्र नाही, नात्यातल्या एका माणसाचं आहे. काढून बघ.

दुर्गाताई


मोर्शी, २४ ऑगस्ट २०२५

ती. ताई,

राखी वेळेवर मिळाली. पाकिटात राखीसोबत चिठ्ठी नव्हती, त्यावरून कळलं की तू वाट पाहते आहेस. काही करून दाखवल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं.

तुझी नऊ समीकरणं काढली. कानांवरून ओळखलं. कान जरा जास्त लांब झालेत, बाकी गाढव हुबेहूब माझ्यावर गेलंय.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर चौकटी आखल्या, मोनालीच्या त्या दोन रेषा लिहिल्या आणि म्हणालो, बारा घालून पाहा. विपुलच ओरडला, ‘‘दोन्हीकून दहा, सर!’’ मग मी तिचा कागद काढला, सगळ्यांसमोर शून्य खोडलं आणि वीसपैकी वीस लिहिले. म्हणालो, ‘‘बैलात मी चुकलो आणि तपासण्यातही मीच चुकलो. मोनाली कशातच चुकली नाही.’’

मला वाटलं, आता ती रडेल, मग मी रडेन, प्रसंग छान होईल. ती उभी राहिली.

‘‘सर, शेपटीबी आखूड हाय.’’

मी खडू तिच्या हातात दिला. पुढचे दोन तास मी फक्त चौकटी आखल्या. शेपूट लांब झाली, मान खाली आली, शिंगांचे खुंट गेले. बावीस रेषांच्या एकतीस झाल्या, आणि प्रत्येकीचं समीकरण पोरांनी भांडून शोधलं.

संध्याकाळी श्रावणभाऊंच्या घरी गेलो. ‘‘बैलात नाही आणि गणितातही नाही. चूक माझी होती,’’ म्हणालो.

ते वैरण टाकत होते. मागं न बघता म्हणाले, ‘‘मले ठाऊक होतं. तुमाले ठाऊक हाय का, ते पाहाले आलतो.’’

अवघड काम उरलं होतं ते भगवंत सरांचं. छापखान्यात पानं लागली होती.

‘‘आता काहून, गावंडे?’’

‘‘बैलाले वशिंड नाही, सर.’’

‘‘अरे, पुस्तिकेत वशिंड कोण पाहून राहिलं?’’

‘‘पोट्टे पाहतात, सर.’’

मग हरणाचंही सांगून टाकलं. स्वतःच्या डोक्यातून वगैरे काही नव्हतं, हेही. त्यांनी कागद पुढे ओढला. आता रागावतील, म्हणून मी उभा राहिलो. ते म्हणाले, ‘‘मीबी कास्तकाराचाच पोरगा होय. मातीतला म्हणून थाप देल्ली तुमाले. मलेबी दिसलं नाही ना.’’ आणि छापखान्याला फोन लावला.

शुक्रवारी पोळा झाला. तोरणाशेजारच्या मोकळ्या जागेवर पोरांनी सकाळपासून चुन्यानं चौकटी आखल्या, हातभर लांबीची एकेक, आणि त्यांवर एकतीस रेषांचा बैल उभा केला. माणसं जोड्या घेऊन आली तशी वाकून पाहायची. एक म्हातारे दोन पावलं मागे सरून म्हणाले, ‘‘हा माह्या पवळ्या होय.’’ ताई, माझ्या एकवीस वर्षांच्या नोकरीत आलेखाला असा गुण कोणी दिला नव्हता.

मग तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची ती चिमटे काढणारी कवनं, सुरू झाल्या. तुला आठवत असेल, त्या घटकेला कोणाचीही उतरवायची मुभा असते. सरपंचाची उतरवतात, सोसायटीच्या अध्यक्षाची उतरवतात. मास्तरावर मात्र कोणी झडती वाया घालवत नाही. श्रावणभाऊंनी जोडी थांबवली, माझ्याकडे बघितलं आणि आवाज लावला :

मास्तरानं बैल काढला, पाठ जशी फळी,
जू ठरेना खांद्यावर, जोतं ठरेना गळी;
पोरीनं ओढल्या रेषा दोन, वशिंड आलं वर,
आता सांगा गावकऱ्यांनो, कोण पोट्टी, कोण सर?

गावानं ‘हर हर महादेव’ केला तेव्हा तोरणाची पानं हलली. मी मान खाली घालायला हवी होती. मी टाळ्या वाजवत होतो. सगळ्यांत जोरात.

श्रावणभाऊ कवी असतील असं कधी वाटलं नव्हतं. आता भेटेल त्याला सांगतोय.

पुस्तिका सोबत आहे. पहिलं पान बघ.

देवानंद


अकोला, ३० ऑगस्ट २०२५

चि. देवानंद,

पाहिलं. ‘रचना : देवानंद चंद्रभान गावंडे. वशिंड, मान, शेपूट व शिंगे : कु. मोनाली श्रावण होले, इयत्ता दहावी.’

म्हणजे तुझ्या वाट्याला पोट आणि चार पाय आले. वाईट वाटून घेऊ नकोस. बैल पायांवरच उभा असतो.

पुस्तिका किशोरला दाखवली. तो आधी सवयीनं हसायला लागला आणि मग हसायचा थांबला. ‘‘आई, हा तर आजोबांच्या गोठ्यातला,’’ म्हणाला. प्राजक्तानं तिच्या माहेरच्या सगळ्यांना फोटो पाठवला. भाजीवाल्या पार्बताबाईंनी पुस्तिका हातात घेतली, पदराला हात पुसून मगच पान उलटलं आणि विचारलं, ‘‘तुमच्या भावानं काढला?’’ मी म्हटलं, ‘‘भावानं काढू दिला.’’ मला यात जास्त अभिमान वाटतो, हे त्यांना कळलं की नाही कोण जाणे. तुला कळावं म्हणून लिहिलं.

बाबांचं नाव बरोबर जागी आलंय.

शाबास, देवानंद. एकदाच लिहिते. कागद जपून ठेव, हरवला तर दुसरा मिळणार नाही.

आणखी एक. ती झडती मला वाचायची नाही, ऐकायची आहे. किशोरनं चार महिन्यांपूर्वी आणून ठेवलेलं कानाचं यंत्र काल डबीतून काढलं. पंखा इतका आवाज करतो हे मला ठाऊकच नव्हतं. रविवारी फोन कर. ओरडू नकोस.

वेगळ्या पाकिटात मोनालीसाठी आलेखवही आणि कंपासपेटी पाठवली आहे. उरलेले अर्धे आशीर्वाद तुझे.

दुर्गाताई


९ सप्टेंबर २०२५

आदरणीय दुर्गा मॅडम,

नमस्कार. मी मोनाली श्रावण होले. सर म्हणाले की पत्र पुस्तकातल्या भाषेत लिही, म्हणून तसे लिहीत आहे.

आपण पाठवलेली आलेखवही आणि कंपासपेटी मिळाली. वहीच्या पहिल्या पानावर आमची बंडी काढली आहे. चाक गोल असल्यामुळे ते रेषेत बसत नाही. त्याचे समीकरण वेगळे असते, ते अकरावीत आहे, असे सर म्हणाले. म्हणून मी अकरावीला गणित घेणार आहे.

एक गोष्ट आपल्याला सांगते, सरांना सांगू नये. झडती बाबांनी म्हटली, पण लिहिली मी. सर सगळ्या गावात सांगून राहिले आहेत की श्रावणभाऊ कवी आहेत, आणि बाबांना ते आवडून राहिले आहे. म्हणून तसेच राहू द्यावे.

आता नाताळचा आलेख करायला सरांनी मलाच सांगितले आहे. चित्र हरणाचे हवे. पण मी हरीण पाहिलेले नाही. रोही रोज पाहते. म्हणून मी सरांचा पहिला कागद परत काढला आणि नीट तपासला. पाठ सपाट आहे. मान उंच आहे. शेपूट आखूड आहे. शिंगे लहान आहेत. आमच्या तुरीत येतो तो असाच दिसतो. इतका बरोबर रोही आमच्या शाळेत आजपर्यंत कोणी काढला नव्हता.

मी कागदावरचे ‘बैल’ हे नाव खोडून ‘रोही’ लिहिले आणि सरांना वीसपैकी एकोणीस गुण दिले. एक गुण बाविसाव्या रेषेचा कापला. रोहीला कोणी दोरी बांधू शकत नाही.

सरांनी गुण पाहिले. कागद घडी करून खिशात ठेवला.

आपली आज्ञाधारक,
मोनाली